लातुरात ४५ हजारांत टाकी सफाईचं काम: मशीन नंतर, आधी गल्ली ठरवा

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा. वय २७, लातुरात स्वतःचं घर, सध्या शोरूममध्ये नोकरी. हातात ४५ हजार रुपये आहेत आणि मावसभाऊ मदतीला यायला तयार आहे. घरोघरी जाऊन पाण्याच्या टाक्या साफ करून द्यायचं काम सुरू करायचंय. दीड लाखात फ्रँचायझी देतो असं एक जण म्हणतोय. मशीन कोणतं घ्यावं, फ्रँचायझी घ्यावी का, जोडीला सोफा क्लीनिंग आणि पेस्ट कंट्रोल ठेवावं का, आणि नोकरी कधी सोडावी, एवढं तुम्हाला विचारायचंय.

मी छत्रपती संभाजीनगरात हेच काम करतो. आमच्याकडेही नळाला रोज पाणी येत नाही, जायकवाडी धरण जवळ असूनही. त्यामुळे पाण्याची चणचण असलेल्या गावात हे काम कसं चालतं, ते मला रोज दिसतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या शहरात लोक टाकीतलं पाणी कसं जपून वापरत असतील, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या धंद्याचं सगळं गणित याच एका गोष्टीवरून बदलतं.

मशीनचा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारलाय, पण मला तो शेवटचा वाटतो. खरा प्रश्न हा आहे की एका दिवसात एकमेकांच्या जवळची किती घरं तुम्हाला मिळतील, आणि तीच घरं सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतील का. आकडे मांडून दाखवतो. दर गावागणिक आणि भागागणिक बदलतात, म्हणून हे फक्त हिशेबाची रीत कळावी यासाठी धरा. एक हजार लिटरच्या टाकीचे ७०० रुपये घेतलेत आणि दिवसात तीन टाक्या झाल्या, तर आले २१०० रुपये. मदतनीसाचा रोज ६००, पेट्रोल १५०, सामान आणि झीज १५०. हातात राहिले १२००. आता पहिलं घर औसा रोडला आणि दुसरं अंबाजोगाई रोडच्या टोकाला असेल, तर तिसरी टाकी त्या दिवशी होतच नाही. आले १४००, पेट्रोल वाढून गेले ९५०, राहिले ४५०. याउलट एकाच गल्लीत चार घरं मिळाली आणि शेजार म्हणून प्रत्येकाला १०० रुपये कमी केले, तरी २४०० येतात आणि १५०० हातात राहतात. मशीन तेच, माणसं तीच. फरक पडला तो घरांमधल्या अंतरामुळे.

म्हणून माझा आग्रह असा की पहिले सहा महिने सगळं लातूर आपलं गिऱ्हाईक समजू नका. आपल्या घरापासून दुचाकीने दहा मिनिटांच्या आतला एक भाग निवडा आणि तिथली प्रत्येक गल्ली पायी फिरा. गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या टाक्या किती आणि सिमेंटच्या किती, जमिनीखालचे हौद किती घरांना आहेत, बोअर कुठे आणि नळ कुठे, हे वहीत लिहा. बाहेरून फोन आला तर घ्या, पण तारीख देताना त्या बाजूचं दुसरं एखादं काम मिळतंय का, ते बघून द्या.

लातुरात तुम्हाला एक गोष्ट आमच्यापेक्षा जास्त सोपी आहे, ती म्हणजे ट्यूशन एरिया. बाहेरगावची पोरं तिथे वसतिगृहांत आणि खोल्यांत राहतात, मेस आहेत, आणि प्रत्येक इमारतीवर मोठमोठ्या टाक्या आहेत. अंतर कमी, टाक्या जास्त. एकाच मालकाच्या दोन-तीन इमारतीही असतात. मे महिन्यात, नवी बॅच येण्याआधी मालकाला भेटा. त्या वेळी खोल्यांची रंगरंगोटी चालू असते आणि पालक गच्चीपर्यंत जाऊन बघतात, त्यामुळे मालक ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो. फक्त एक सावधगिरी ठेवा. वसतिगृहांची उधारी लांबते. अर्धे पैसे काम सुरू होताना आणि उरलेले काम दाखवल्यावर लगेच, हे बोलण्यात पहिल्याच भेटीत येऊ द्या. घरगुती गिऱ्हाईक सहसा हातोहात पैसे देतं. सुरुवातीला तुमची रोजची चूल त्याच्यावर चालणार आहे, तेव्हा वसतिगृहांच्या मोहात घरं सोडू नका.

गिऱ्हाईक आणायला जाहिरातीवर पैसे घालू नका. तुमच्या भागातले प्लंबर, मोटार वाइंडिंगवाले आणि पाण्याचे टँकरवाले यांना प्रत्येक घराची टाकी माहीत असते. त्यांना भेटा, त्यांच्यामार्फत काम आलं तर ५०-१०० रुपये न मागता द्या, आणि त्यांचं काम कधीही स्वतःकडे ओढू नका. बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारी तोटी) खराब दिसला तर गिऱ्हाइकाला त्याच प्लंबरचा नंबर द्या. गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते, ती पहिल्या आठवड्यातच करा आणि प्रत्येक समाधानी गिऱ्हाइकाला तिथे दोन ओळी लिहायची विनंती करा.

या धंद्यात गिऱ्हाइकाला त्याची घाण दिसत नसते, हे विसरू नका. टाकी गच्चीवर, झाकण बंद, आणि घरातले आजी-आजोबा शिडी चढणार नाहीत. म्हणून टाकी रिकामी झाली की तळाचा गाळ आणि भिंतीवरची शेवाळाची रेघ यांचा फोटो काढा. काम झाल्यावर त्याच कोनातून दुसरा काढा. दोन्ही फोटो घरातल्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर तिथेच उभं राहून पाठवा. तो फोटो सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर आपोआप फिरतो. टाकीच्या बाहेरच्या बाजूला एक स्टिकर लावा. त्यावर सफाईची तारीख, पुढची तारीख आणि तुमचा नंबर एवढंच असू द्या. वहीत त्या घरापुढे पुढचा महिना लिहा आणि तो महिना आला की स्वतः फोन करा. सहा महिन्यांनी येणारं हे दुसरं काम तुम्हाला कोणत्याही खर्चाशिवाय मिळतं. धंदा टिकतो तो या दुसऱ्या फेरीवर.

आता सामान. घरगुती प्लास्टिकच्या ५०० ते १००० लिटरच्या टाक्यांना सुरुवातीला प्रेशर वॉशर, म्हणजे दाबाने पाणी मारणारं मशीन, लागतच नाही. लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश, स्पंज, बादल्या, पाणी-गाळ दोन्ही ओढणारा वेट-ड्राय व्हॅक्यूम, डोक्याला लावायचा दिवा, गमबूट, हातमोजे, चष्मा आणि चांगली ॲल्युमिनियमची शिडी. तारेचा ब्रश प्लास्टिकला कधीही लावू नका. त्याने ओरखडे पडतात आणि शेवाळ पुढच्या वेळी तिथेच घट्ट धरतं. हे सगळं १५ ते १८ हजारांत बसतं. सिमेंटचे हौद मिळायला लागले की प्रेशर वॉशर आणि गाळ ओढणारा छोटा पंप घ्या, दोन्ही मिळून साधारण १२ ते १५ हजार. तोवर गरज पडली तर वॉशर दिवसाच्या भाड्याने आणा. पैसे उरले म्हणून मोठं मशीन घेण्याचा मोह टाळा. निदान १० हजार रुपये पेट्रोल, दुरुस्ती आणि काम न मिळालेल्या दिवसांसाठी बाजूला राहू द्या.

वॉशर घेताना पाटीवरचे बार, म्हणजे दाबाचा आकडा, सगळे बघतात. लातूरसाठी तुम्ही पाण्याचा आकडा बघा. घरगुती मॉडेल तासाला साडेतीनशे ते चारशे लिटर पाणी ओढतात. म्हणजे पंधरा मिनिटं चालवलं की शंभर लिटर गेलं. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात एवढं पाणी कोण देईल? सिमेंटच्या जुन्या टाकीवर फवारा फार जवळून मारला तर गिलावा सुटतो, तेही लक्षात ठेवा. थोडा वेळ, थोडं लांबून, आणि उरलेलं ब्रशने.

पाणी वाचवण्याची रीत तुमच्या धंद्याची खरी ओळख होऊ शकते, म्हणून याबद्दल जरा जास्त लिहितो. काम नळाला पाणी येण्याच्या दिवशी सकाळी ठरवा, म्हणजे धुतलेली टाकी दुपारी भरते. आदल्या दिवशी फोन करून सांगा की पाणी वापरत वापरत वीतभर उरू द्या, आणि पिण्याचं दोन दिवसांचं पाणी भरून ठेवा. त्या वीतभर पाण्यातच पहिलं घासून घ्या, मग गाळासकट ओढून काढा. दुसऱ्या धुण्याला दोन-तीन बादल्या पुरतात.

त्यानंतर निर्जंतुकीकरण. बरेच जण टाकी पूर्ण भरून त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, काही तास ठेवतात आणि सगळं पाणी सोडून देतात. ते चूक नाही, पण हजार लिटर पाणी गटारात जातं. त्याऐवजी भिंतींना जास्त तीव्रतेचं द्रावण पुसायची पद्धत वापरा. लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोरीन हवा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला ६ ग्रॅम पावडर. उघड्या डब्यातली जुनी पावडर उतरलेली असते, तिथे ८-१० ग्रॅम घ्या, आणि अंदाजाने न टाकता छोट्या वजनकाट्यावर मोजा. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच वापरा. ब्रशने किंवा फवाऱ्याने तळ, भिंती आणि झाकणाची आतली बाजू ओली करा, अर्धा तास राहू द्या, मग बादलीभर पाण्याने धुऊन ते काढून टाका. हे करताना झाकण उघडं ठेवा, हातमोजे आणि चष्मा लावा. टीसीएल आणि ॲसिड कधीही जवळ आणू नका. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि टाकीत बसलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

ॲसिडवरून आठवलं. बोअरच्या पाण्याने टाकीला पांढरा क्षाराचा थर बसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, ॲसिड टाकून काढून द्या. सिमेंटच्या टाकीला ॲसिड लावू नका, सिमेंट खाल्लं जातं. जेवढा थर ब्रशने निघेल तेवढा काढा आणि उरलेला राहील, हे काम सुरू करण्याआधीच सांगा.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट समजावून सांगत जा, कारण त्याने तुमच्या कामाची किंमत कळते. डेंग्यूचा डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून नुसती टाकी रिकामी करून चालत नाही, ती रेघ घासावीच लागते. झाकण फुटलेलं असेल किंवा वरच्या पाइपाला जाळी नसेल तर तेही दाखवा. जाळी जवळ ठेवा, पाच मिनिटांत बसते आणि त्याचे थोडे पैसेही मिळतात.

आता सुरक्षेचं. यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. ओल्या अंगाने, ओल्या टाकीत, हातात विजेवर चालणारं यंत्र, अशी ही परिस्थिती असते. ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) एकही वायर लावू नका. तो बसवलेला एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा घ्या, गिऱ्हाइकाच्या घरच्या अर्थिंगवर विसंबू नका. टाकीत दिवा बॅटरीचाच. हौदात उतरण्याआधी घरच्या मोटरचा स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा, नाहीतर खालून कुणीतरी सवयीने मोटर चालू करतं.

जमिनीखालच्या हौदात कधीही एकट्याने उतरू नका. झाकण आधीच उघडून पंख्याने हवा खेळू द्या. पेट्रोलवर चालणारा पंप हौदात किंवा त्याच्या तोंडाजवळ चालवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो. नुकतंच वॉटरप्रूफिंग किंवा रंग झालेला हौद वास पूर्ण जाईपर्यंत घेऊ नका. आणि मावसभावाशी एक नियम पक्का करा: खालचा माणूस बेशुद्ध पडला तर वरचा त्याच्यामागे उतरत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो, वरचा माणूस दोर ओढतो आणि लोकांना हाका मारतो. एकामागून एक उतरून दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

लोक लगेच विचारतील, सेप्टिक टँकपण करता का? स्पष्ट नाही म्हणा. सेप्टिक टँक आणि गटारांची धोकादायक हाताने सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात माणूस दगावला तर ३० लाखांची भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तिथला विषारी वायू माणसाला दुसरा श्वास घेऊ देत नाही. शिवाय पिण्याच्या टाकीत जाणारे ब्रश आणि बूट दुसऱ्या कुठल्याही घाणीला लागता कामा नयेत.

पेस्ट कंट्रोलचंही थांबवा. त्याला कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो. पिण्याच्या पाण्याचं काम करणाऱ्याच्या गाडीवर विषाचे डबे दिसले तर गिऱ्हाईक पुन्हा बोलावणार नाही. सोफा क्लीनिंगची गोष्ट वेगळी आहे. व्हॅक्यूम तुमच्याकडे असेलच, पण सोफ्यासाठी दुसरा घ्या आणि वर्षभराने बघा. आज दोन कामं एकत्र सुरू केलीत तर एकाचंही नाव होणार नाही.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. तुमच्यासारखी मोजकी माणसं असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवेच्या व्यवसायाची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. व्यवसायाच्या नावाचं चालू खाते आणि छापील पावतीपुस्तक मात्र लवकर करा. सोसायट्या आणि वसतिगृहं त्याशिवाय उभं करत नाहीत. तुमचा आणि भावाचा बँकेतून वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून घ्या. अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. ते पुरेसं नाही, पण पहिल्या दिवसापासून असावं. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं, पण तुमच्याकडे ४५ हजार आहेत तोवर मी ते घेणार नाही. काम करणाऱ्या माणसांची दुसरी जोडी उभी करायची वेळ आली की त्याचा विचार करा.

फ्रँचायझीबद्दल मला एकच विचारायचंय. दीड लाखात ते लातुरातली किती गिऱ्हाइकं देणार, हे लेखी देतात का? मशीन, गणवेश, दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि नाव एवढंच मिळत असेल, तर मशीन बाजारात मिळतं आणि नाव तुमच्या गल्लीत कुणाला माहीत नाही. ‘यूव्ही ट्रीटमेंट’, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याने जंतू मारणं, हा त्यांचा मोठा मुद्दा असतो. तो दिवा चालू असेपर्यंतच काम करतो, नंतर पाण्यात काहीही शिल्लक राहत नाही. नीट घासलेल्या आणि क्लोरीनने पुसलेल्या टाकीला त्याची गरज मला आजवर वाटली नाही. कर्ज काढून फ्रँचायझी घेणं तर अजिबातच नको.

दर सांगताना टाकी बघितल्याशिवाय आकडा बोलू नका. सिमेंटची टाकी असेल तर लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, लिटर मिळतात. ५ बाय ४ बाय ३ फुटांचा हौद म्हणजे साधारण १७०० लिटर. गिऱ्हाइकासमोर टेप लावून हिशेब केला की घासाघीस अर्ध्यावर येते. जिना अरुंद असेल, टाकी पत्र्यावर असेल किंवा गाळ फार असेल, तर जास्तीचे पैसे तेव्हाच बोला.

राहिला नोकरीचा प्रश्न. तो तुमच्या घरच्या खर्चावर आणि कर्जाच्या हप्त्यांवर अवलंबून आहे, तिथे माझं गणित चालणार नाही. माझ्या मते पहिले तीन महिने नोकरी ठेवा. सुटीच्या दिवशी आणि पाणी येण्याच्या सकाळी काम घ्या, भावाचा रोज पहिल्या दिवसापासून द्या, स्वतःचा पगार काढू नका. वहीत पुढच्या फेरीसाठी हो म्हटलेली घरं मोजा. आठवड्याला चार दिवस भरतील एवढं काम जवळच्या भागातून येऊ लागलं की शोरूमला नोटीस द्या. एप्रिल-मे ते गणपती हा काळ कामाचा असतो, दिवाळीआधी पुन्हा फोन वाजतात, मधले महिने हलके जातात. म्हणून मार्चमध्ये सुरुवात झाली तर उत्तम.

या रविवारी भाग फिरून या आणि टाक्या प्लास्टिकच्या किती, सिमेंटच्या किती आणि हौद किती, ते आकडे मला कळवा. त्यावरून पंप लगेच घ्यावा की थांबावं, आणि किती अश्वशक्तीचा घ्यावा, हे सांगतो.